खालच्या पानांचं काय

आई,

उद्या माझा पीएच.डी.चा प्रबंध छपाईला जायचाय आणि आभाराच्या पानावर तुझ्यासाठी एकच ओळ आहे, 'आईच्या कष्टांना'. ती खोटी नाही, पण पुरती खरीही नाही. म्हणून तुला जाऊन बारा वर्षं झाल्यावर हे लिहायला बसलेय.

बदलापूर गावातल्या नर्सरीत तू कामाला होतीस आणि कॉलेजला सुट्टी असली की बुवापाड्याच्या घरून मीही तुझ्याबरोबर यायचे. एकदा शहाणपणा करून हिरव्या जाळीखालची जांभळाची रोपं मी थेट उन्हात नेऊन ठेवली. जास्त ऊन म्हणजे जास्त अन्न, पुस्तकात तसंच होतं. तिसऱ्या दिवशी पानं करपली. मालक तुला बोलला, तू माझं नाव घेतलं नाहीस. घरी येताना एवढंच म्हणालीस, "सावलीतल्या पानाला उन्हाची सवय नाय गं. हळूहळू बाहेर काढायचं असतं. पुस्तकाला काय, ते थोडंच करपतंय."

पुढे एम.एस्सी.ला असताना मी स्वयंपाकघरात उभी राहून तोऱ्यात सांगतेय, की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, ते तर झाडांचं खाणं, आता झाडांची चंगळ. तू भाकरी थापतेयस. मान वर न करता विचारतेस, "वरच्या पानांचं झालं. खालच्या पानांचं काय? त्यांना ऊनच नाय, तर खाणं वाढून उपयोग काय?" मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी हसले.

त्याच प्रश्नावर एवढी वर्षं काढली. जांभळाच्या पानाला यंत्राचा चिमटा लावायचा, चिमट्यातली हवा बदलायची आणि मोजत बसायचं. जादा वायू मिळाला की उन्हातलं पान भराभर अन्न करतं, पण जमीन निकस असली तर पुढे त्याचा जोर ओसरतो. सावलीतल्या पानाचा फायदा दिसायला किरकोळ, पण तेवढ्याच अंधुक उजेडात ते आधीपेक्षा जास्त अन्न करतं. म्हणजे उपयोग होतो, आई, थोडा का होईना. तू नुसतं "मग ठीकाय" म्हणाली असतीस, आणि मला तेवढंच पुरलं असतं. मला विचार करायला तू शिकवलंस, कॉलेजनं नंतर.

गेल्या महिन्यात प्रबंधाच्या सादरीकरणात माझ्या मार्गदर्शक सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हा प्रश्न सुचला कसा?" समोर मोठी माणसं बसली होती. माझी आई नर्सरीत रोपांना पाणी घालायची, हे सांगायची मला लाज वाटली. "वाचताना सुचला," म्हणाले.

आत्ता ती ओळ बदलली. 'या प्रबंधातला मूळ प्रश्न माझ्या आईचा आहे.' हे पत्र काही कुठे जाणार नाही, म्हणून सांगते, लिहिल्यावर ती ओळ मला दोनदा खोडावीशी वाटली.