जावयाला दिलेला आशीर्वाद

जळगाव, रविवार, संध्याकाळ

मुदत ठेव पुढच्या महिन्यात नव्याने ठेवायची आहे, म्हणून व्याजदर वाढावेत असं मला वाटतं. धुळ्याचे जावईबापू आज भरीत खायला आले होते. त्यांचं घराचं कर्ज, त्यांना दर उतरायला हवेत. पण जावयासमोर कसं बोलणार? म्हणालो, "उतरतील हो!" तेही सज्जन. म्हणाले, "छे आबा, वाढतीलच." दोघंही धडधडीत खोटं बोलत होतो. ही आतून ओरडली, "दर राहू द्या, भरीत गार होतंय!"

निघताना ते पाया पडले आणि सवयीने तोंडातून गेलं, "तुमच्या मनासारखं होवो!"

काय बोलून बसलो हे? भरीतही पचेना आता. एकच आधार, माझा आशीर्वाद आजवर कुणालाच फळलेला नाही.