पुजलेली बंदूक

पारोळा, १९८८
दसऱ्यानंतरचा रविवार

बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरचं कुंकू काही निघालं नाही. सकाळपासून दोनदा खोबरेल तेलाने पुसलं, तरी लाकडात लाल उरलंच.

सुरेश भाऊजी माझे धाकटे दीर, पण आफ्रिकेत राहून तिकडचेच नागरिक झालेले. आले ते पर्यटक म्हणून, आणि नेमबाजीच्या हौसेपायी बंदूकही सोबत. तिचा परवाना तात्पुरता, पासपोर्टवर तिची नोंद. इथे विकायची नाही, कुणाला द्यायची नाही, जाताना परत न्यायचीच. आणि आमच्या सासऱ्यांनी, आबांनी, दसऱ्याला ती विळे-कोयत्यांशेजारी मांडून पुजली!

आज भाऊजी निघायच्या वेळी आबा अडून बसले. "पुजेल वस्तू घरबाहेर काढतस का? आते ती घरनी शे."

"आबा, ती इथे पाहुणी आहे," भाऊजी समजावत होते. "मुदत संपली की तिला जावंच लागतं."

"आनी तुले?"

भाऊजी बॅगेचा पट्टा आवळत राहिले. मलाच का कानकोंडं झालं? मुलगाही पाहुणाच, हे आबांना आजच उमगलं की काय?

मग आबांनी माझ्याकडे अक्षता मागितल्या. गणपती उठवताना टाकतात तशा बंदुकीवर टाकल्या, तिला जागेवरून जरा हलवलं आणि 'पुनरागमनाय च' म्हणाले. बघत मात्र होते भाऊजींकडे.

दस्ता पुसायला मी पुन्हा फडकं घेतलं, तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, राहू द्या ते कुंकू."