पाणचक्कीवरचा फोटो

औरंगाबाद, १२ जानेवारी १९७४

बद्रीदादा,

काल पाणचक्कीवर ज्यानं आपला फोटो काढला, तो मुकुंद माझा नवरा आहे. दिवाळीनंतर आम्ही नोंदणी करून लग्न केलं. तो आपल्या जातीचा नाही.

तुम्ही चितेगावाहून भेटायला आलात, तेव्हाच सांगणार होते. म्हणून तर शहर दाखवायच्या निमित्तानं तुम्हाला पायी फिरवलं. शहागंजच्या घड्याळाखाली बोलायला गेले, तर तुम्ही आईसाठी बांगड्या बघत होतात. हिमरू शाली विणतात तिथं पुन्हा धीर केला, पण मागाच्या खडखडाटात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. ऊन उतरल्यावर पाणचक्कीच्या हौदाकाठी सगळं शांत झालं. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "सरू, सोमवारी पाहुणे येनार हायेत तुला बघायला. म्या जबान दिलीय."

मुकुंद तिथंच येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढतो; तो कॅमेरा घेऊन जवळच उभा होता. त्यानं ते ऐकलं. तुम्ही त्यालाच हाक मारलीत, "ओ फोटोवाले, बहीन सासरला चालली, एक फोटू घ्या." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. त्यानं झाकण न काढताच कॅमेरा डोळ्याला लावला, तेव्हा तुम्ही हसलात. मी परक्यासारखी कॅमेऱ्याकडे बघत राहिले. त्याची अजून लाज वाटते.

हे पत्र टपालात टाकणार नाही. तुम्ही ते वाचताना मी समोर नसले, तर तो पळपुटेपणा होईल. उद्या सकाळच्या यष्टीनं आम्ही दोघं हे पत्र घेऊन चितेगावला येतोय. तुम्ही दार लावून घेतलंत, तरी ओट्यावर बसून राहू.

तुमच्या हाताखाली वाढलेली,
सरू