हिरा पुनवेला येणार नाही

माकुणसार,
सोमवार, ता. २६ जुलै १९६५

दामूदादा,

तू थोरला, म्हणून आधी नमस्कार. आम्ही हिराच्या आजोळी सुखरूप आहोत. इथली भातलावणी उरकत आली. पत्र तुझी विजया वाचून दाखवेल. विजया, एकही शब्द गाळू नकोस, आणि "काका रागावलेत" एवढंच सांगून मोकळी होऊ नकोस.

तुझा निरोप मिळाला. "पोर रुसली हाय, समजूत काढून नारळी पुनवेला घेऊन ये." तिच्या हातून समुद्राला नारळ वाहायचा, बोईसरहून अणुवीज प्रकल्पाचे साहेब फोटो काढायला येणार, हेही कळलं.

दादा, शब्द नीट वापर. रुसलेलं पोर जेवण टाळतं आणि कुणी बघतंय का तेही बघतं. हिरा वाढलेलं सगळं मुकाट जेवते. परवापर्यंत एक शब्द बोलली नव्हती. गुरांच्या डोणीत पाणी ओतलं आणि त्यात एखादं पान तरंगलं, की डोळे मिटून घेते.

मी शाळा पाहिली नाही. बोटीच्या इंजिनाचं पुस्तक अक्षर अक्षर लावून वाचलं आणि त्यावर आज पोट भरतो. त्यामुळे माझ्या पोरीचं डोकं काय आहे ते मला कुणी शिकवायला नको. सहाव्या वर्षी ती तिथी, वारा आणि पाण्याची ओढ बघून सांगायची, टाकलेली करवंटी किनाऱ्याला कुठं लागेल. तो तिचा खेळ होता. तू त्याचा तमाशा केलास. माणसं जमवून "सांग गं बाय, सुटलेलं वल्हं कुठं लागंल?" म्हणायचास, आणि वल्हं मिळालं की बळवंताकडून पैजेच्या विड्या उकळायचास. मी म्हटलं, पोर घाबरते. तू म्हणालास, "घाबरते कसली? देवानं दिलंय, तू झाकून ठेवतंस काय?"

वल्ह्यांचं एक वेळ सोडतो. जिव्याचं सोडणार नाही.

मे महिन्यात तुझा खलाशी जिव्या बोटीवरून समुद्रात पडला, तेव्हा मी तारापूरला कामावर होतो. तू नऊ वर्षांच्या पोरीला जेवत्या ताटावरून उठवून किनाऱ्यावर नेलंस. साखरबाईनं तिच्यापुढं पदर पसरला, "माझा जिव्या कुठं हाय, सांग बाय." त्या आईला मी दोष देत नाही. तिला शुद्ध नव्हती. तुला होती. हिरानं तिथी विचारली, जिव्या कुठं पडला ते विचारलं, पाण्याकडे बघितलं आणि बोट दाखवलं. तिला वाटलं, जिव्या तिथं उभा असेल. दादा, उभा! हे तुझ्या डोक्यात आलं नाही?

आणि तू तिला खांद्यावर बसवून तिथं घेऊन गेलास.

इथंच थांबणार होतो. पण तू गावभर सांगत सुटला आहेस, म्हणून मीच लिहितो. हो, जिव्या तिथंच होता, खाडीच्या मुखाशी, खडकाच्या दक्षिण अंगाला. हिरा चुकली नाही. चुकली असती तर आज बरी असती. वर साखरबाई तिच्या पाया पडली, बायकांनी कुंकू लावलं, आणि तू ते लावू दिलंस.

परवा ती बोलली. कोंबड्यांना दाणे टाकत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, मी दुसरीकडं बोट केलं असतं, तर जिव्याकाका जिता लागला असता?"

इंजिन का बंद पडतं ते मी नुसत्या आवाजावरून सांगतो. इथं मी "नाही गं बाय" एवढंच म्हणालो. तिनं आणखी मूठभर दाणे टाकले. तिला ते पटलं नाही.

तेव्हा नारळ तुझा तू वाहा. साहेबांना सांग, फोटो बोटीचा काढा. हिरा आली नाही तर देवी कोपेल, अशी भीती मला घालू नकोस. तुझं इंजिन हंगामाआधी उघडायचं आहे, ते मी येऊन करीन. कामात मी राग आणत नाही. पण येईन एकटा.

तिला पाहावंसं वाटलं तर रिकाम्या हातानं ये. नारळ नको, कुंकू नको, प्रश्न तर नकोच. ती बोलली नाही तर तूही गप्प बसून राहा. एवढं जमणार असेल तरच सफाळ्याला गाडीतून उतर.

धाकटा भाऊ म्हणून सही करायला आज हात वळत नाही.

हिराचा बाप,
एकनाथ