रिकाम्या पत्त्याच्या दोन ओळी

मी, खाली सही करणारी, वय एकसष्ट, कर्नेल प्रोग्रॅमर (निवृत्त नव्हे, काढून टाकलेली), हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. रागात आहे, पण राग म्हणजे वेड नव्हे, असे डॉक्टरीणबाईंनी लेखी दिले आहे.

१. कर्नेल म्हणजे यंत्राच्या गाभ्यातला प्रोग्रॅम. तिथे कुठलाही पॉइंटर, म्हणजे पत्ता, वापरण्याआधी तो रिकामा तर नाही ना, हे तपासणाऱ्या दोन ओळी मी जागोजागी घालत असे. रिकाम्या पत्त्यावर गेले की सगळे यंत्रच बंद पडते. ऑफिसात म्हणत, "ताई ताकही फुंकून पितात." पितेच. माझा कीबोर्ड आणि वह्या, कधीच न हसलेल्या टेस्टरबाईंना.

२. बँकेतली शिल्लक भाचीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला. बापाच्या करणीची शिक्षा तिला नको.

३. राहते घर. हे धाकट्या भावाला द्यायचे कधीच ठरले होते. त्याला कामाला मीच लावले, शेजारच्या टेबलावर बसवले. आमच्याकडे दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय एक ओळही बदलत नसे. आम्ही भावंडे मात्र एकमेकांचे न वाचताच मंजूर करत असू. वेग वाढवून दाखवायला त्याने माझ्या दोन ओळी काढल्या. "ताई, किरकोळ आहे, मंजूर कर ना," म्हणाला. मी केले.

तीन आठवड्यांनी एका रुग्णालयातले, आमच्याच कर्नेलवर चालणारे सलाइनचे पंप अकरा मिनिटे बंद पडले. नर्सबाईंनी हाताने थेंब मोजले म्हणून माणसे वाचली. चौकशीत माझ्यासमोर धाकटा म्हणाला, "ताईनेच सांगितलं होतं काढायला." केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच. मंजुरी माझी होती, तेवढा दोष माझा. सांगितले मी नव्हते.

तरीही घर त्यालाच, एका अटीवर: खालील साक्षीदारांसमोर त्याने "ताईने सांगितलं नव्हतं" एवढे स्वतःच्या हाताने लिहावे. वकील म्हणाले, "बाई, सख्खा भाऊ आहे, येणारच. 'न आल्यास' कशाला घालता?" असेच मी एकदा धरून चालले होते. तेव्हा तो न आल्यास, किंवा येऊन न लिहिल्यास, माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांनी घर भाचीचे. कोणावाचून काही अडू नये.

तीन वर्षे झाली. अजून त्याच्या फोनची वाट पाहते, याची लाज वाटते.

४. साक्षीदारांनी वाचल्याशिवाय सही करू नये.

सही: मोठी बहीण
ठिकाण: राहत्या घरी, जेवणाच्या टेबलावर
तारीख: १४ मार्च

साक्षीदार:
डॉक्टरीणबाई, पहिला मजला. पूर्ण वाचले.
शिंपीकाका, तळमजला. दोनदा वाचले. आजच येऊन लिही, बाळा.