दारोदार पत्रकं वाटणारा तुझा नातू

आई,

तुझा नातू आता इंग्लंडचा नागरिक झालाय. हल्ली दर शनिवारी तो तिथल्या एका पक्षाची पत्रकं दारोदार वाटतो. बाहेरच्यांचा लोंढा थांबवा, देश आधी आपल्यांचा, असं त्यावर छापलंय. आपल्यांचा म्हणजे कुणाचा रे, असं मी व्हिडिओ कॉलवर विचारलं. म्हणाला, "बाबा, आपण रीतसर व्हिसा काढून आलो. हे लोक असेच घुसतात." मागे सूनबाई चहा गाळत होती. मागच्याच महिन्यात दुकानाच्या रांगेत एका बाईने तिला ‘आपल्या देशात परत जा’ म्हणून सुनावलं होतं. त्यावरही साहेबांचं उत्तर तयार. "तिला वाटलं ही त्यांच्यातलीच. आपल्याला नव्हती ती म्हणत." सुनेने गाळणं बेसिनमध्ये आपटलं.

मला कोपरीतली आपली खोली आठवली. मालवण सोडून आपण तिथे आलो, तेव्हा आपणही लोंढ्यातलेच. घरमालकीण आगरी, उभा जन्म मिठागरात गेलेला. तिच्या मुलीच्या हळदीला तू ठेवणीतली साडी नेसून गेलीस आणि दाराशी अंग चोरून बसलीस. ती आतून ओरडते, "बसलीस काय गो? तू काय पावनी हाय का? चल, तांदूल निवराला बस!" भाडेकरू म्हणून राबवून घेतलं, असं वाटून घरी येऊन तू रडलीस. मग शेजारणीने समजावलं, अगं, त्यांच्यात पाहुण्यांना जेवायला बसवतात आणि घरच्यांना कामाला लावतात. बाहेरच्यांनी गाव भरला म्हणून कुरकुरणारे त्यांच्यातही होतेच, आणि जमिनी त्यांच्याच गेल्या होत्या. तरी त्या बाईने तुला आत ओढलं.

हे त्याला सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण पोरगा रागावेल, फोन बंद करेल, मग नातीचं तोंड दिसायचं नाही, या भीतीने मी शेपूट घातली. म्हणालो, "थंडी असेल, कानटोपी घालून फिरत जा." लाज वाटते गं मला. त्याची वाटते, त्याहून माझी जास्त.

तुला हे पोचणार नाही म्हणूनच लिहवतंय, तर उरलेलंही सांगतो. त्याने उमेदवाराच्या खांद्याला खांदा लावून काढलेला फोटो पाठवला होता. तो मी माजिवड्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पत्रक नीट वाचून झाल्यावर टाकला, आई. भराभर अंगठे आले, आणि मला बरं वाटलं.