बापदेवाचा कोंबडा

निडी, श्रावण

चि. सौ. चंद्रावतीस दादाचे आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. लावणीआधीच लिहायला घेतलं होतं. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? माझं पोट बरं आहे, म्हणजे बरं नाही, पण ते पुढे येईल. (फोन केला असता, पण फोन मला दिशाच लावून देते, आणि हे तिच्यादेखत बोलण्यासारखं नाही.)

सुशीलची दिशा आता तिसरीत गेली. शिमग्याला मी तिला एक तांबडं पिल्लू आणून दिलं. सूनबाई नको म्हणत होती, शहाणपणा माझा. म्हटलं, पोरगी रश्श्यावर ताव मारते, कोंबडी दुकानातल्या पिशवीत जन्मत नाही हे तिला कळायला हवं. आपण नाही का असेच शिकलो? पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, "हा आपल्या बापदेवाचा हाय." लावणी आटपली की वेशीवर बापदेवाला राखण द्यायची, तेव्हा हा कापायचा, असं मला म्हणायचं होतं. आपल्यात 'देवाचा' म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागतं? पण पोरीने धरलं ते असं, की कोंबडा देवाच्या मालकीचा, त्याला कुणी हात लावायचा नाही. मग काय विचारतेस! आमच्याआधी त्याचं जेवण. तो ओटीवर येऊन बसला की मी उठायचं. शेजारच्या महिपतीने त्याला खडा मारला, तर "देवाचा हाय तो, पाय सडतील तुमचं!" असं ती त्याच्या दारात जाऊन ओरडून आली. (महिपती दोन दिवस आपले पाय बघत होता. राखणीला कापायचं काम त्याचंच.)

राखणीच्या दिवशी तिनेच त्याच्या तुऱ्याला कुंकू लावलं, काखेत घेऊन वेशीपर्यंत मिरवत नेलं. सगळी माणसं जमलेली, महिपतीच्या हातात कोयता. तिने मला हळूच विचारलं, "आजोबा, देव बघून परत देनार ना?" मी म्हटलं, "व्हय गो, देनार." खोटं बोललो नाही, चंद्रा. देव आपला मान घेतो, बाकीचा घरी परत येतोच. तसा आला. पातेल्यात.

रडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं पातेल्यात डोकावून पाहिलं आणि डाळभात जेवून उठली. माझाही घास उतरला नाही (पोटाचं ते हेच). आता साधी पेन्सिल मागितली तरी विचारते, "परत देनार ना? कशी देनार?" काल फाटकाशी रूळ ओलांडताना मी हात पुढे केला, तर तिने आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले.

जनावर कसं वाढतं, कसं कापतात, हे मुलांनी बघावं असं मला अजूनही वाटतं. पण ती ते शिकलीच नाही. आजोबा खरं बोलून फसवतात, एवढं शिकली.

तुझा दादा,
गुणाजी

ता.क. गणपतीच्या हंगामात जोह्याच्या मूर्तींच्या कारखान्यात तुझ्या निकेशला श्वास घ्यायला फुरसत नसेल, तरी एक मातीचा तांबडा कोंबडा करून देईल का? तुरा डावीकडे पडलेला.

आणखी ता.क. मातीचा नको. हा पण पाण्यात सोडायचा का, असं ती विचारील, आणि मी पुन्हा काहीतरी बरोबर बोलून बसेन. तुझ्याकडचं एखादं पिल्लूच दे. तिला विचारलं, तर म्हणाली, "आना. पन कोनाचा ते आधी नीट सांगा." आता 'तुझा' म्हटलं, तर पुढच्या लावणीला बापदेवाला काय देऊ? आणि 'देवाचा' म्हणायला जीभ उचलत नाही. काय सांगू ते लवकर कळव गो. फोन तीच उचलेल, तेव्हा परस्पर तिलाच सांगितलंस तरी चालेल.